हवा आहे, माणसं नाहीत

«ताई, नमस्कार. धाराशिव जिल्ह्यात आमचा लहानसा ग्लायडिंग क्लब आहे, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांचा. एक टू-सीटर, एक सिंगल-सीटर आणि त्यांना केबलनं ओढून हवेत चढवायला एका ड्रमची विंच. रजिस्टरवर ३४ सभासद, पण धावपट्टीवर नेमाने येणारे आठच. पोरं येतात, आपलं उड्डाण उरकतात आणि ऊन चढलं की गाडीला किक मारून निघतात. ग्लायडर हँगरात ढकलायला मी आणि प्रशिक्षक उरतो. प्रशिक्षक पुण्याहून येतात, एक आड एक आठवड्याला. त्यातच गेल्या महिन्यात मामांनी विंच सोडली. मामांचं गावात ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. सहा वर्षं त्यांनी एक पैसा न घेता विंच चालवली. त्या दिवशी सिंगल-सीटरच्या निळ्या वीक लिंक संपल्या होत्या. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, काळी लावा, काय होतंय. मामा नाही म्हणाले. पोरांसमोर शब्दाला शब्द वाढला आणि मामा किल्ली टेबलावर ठेवून गेले. ‘मी काय तुमचा सालगडी हाय का?’ एवढंच बोलले. आता फेब्रुवारी आला, चांगली हवा सुरू होईल. कमिटी म्हणते, मेअखेरपर्यंत एकही शनिवार-रविवार सोडायचा नाही. पगारी माणूस ठेवावा का? न येणाऱ्यांना दंड लावावा का? का यंदा बंदच ठेवावं? घरी बायको म्हणते, सहा महिने तुम्ही रविवारी घरात दिसला नाहीत. तिचंही खरं आहे. – एक सचिव»

सचिवभाऊ,

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण मी मामांपासून सुरुवात करते. ते ज्या कारणानं गेले, त्याच कारणानं बाकीचे २६ जण येत नसावेत असा माझा अंदाज आहे.

आधी त्या निळ्या-काळ्याचं. पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनाच ते माहीत असेल असं नाही. विंचची केबल आणि ग्लायडर यांच्यामध्ये बोटभर लांबीची एक धातूची पट्टी असते, तीच वीक लिंक. रंगावरून तिची ताकद कळते. टोस्ट कंपनीच्या पट्ट्यांमध्ये निळी साधारण ६०० किलोच्या ताणाला तुटते, काळी १,००० किलोच्या. विंच ओढत असते, पायलट नाक वर करून चढत असतो, तेव्हा केबलचा सगळा ओढा पंखांवर येतो. तो हद्दीबाहेर गेला तर पंखाआधी पट्टी तुटावी, एवढ्यासाठीच ती बसवलेली असते. कोणत्या ग्लायडरला कोणता रंग हे त्याच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. निळीच्या जागी काळी लावली तर पट्टी तुटणार नाही, आणि जे तुटायला नको ते तुटेल. दहावेळा काही होणार नाही, म्हणूनच माणसं असं करायला धजावतात.

म्हणजे मामा बरोबर होते. हे तुम्ही त्यांना एकट्यात सांगून भागणार नाही. अपमान पोरांसमोर झाला, तेव्हा ‘विंचचालकाचा निर्णय योग्य होता’ ही ओळ कमिटीच्या इतिवृत्तात यायला हवी आणि पुढच्या ब्रीफिंगला पोरांसमोर वाचली जायला हवी. ज्येष्ठ सभासदांनी स्वतः वाचली तर फारच उत्तम. त्यांना ते जड जाईल हे मला कळतं, पण त्या एका वाक्यात तुमचा अर्धा हंगाम अडकला आहे.

माझ्या क्लबात एक नियम होता: धावपट्टीवर उभा असलेला कोणीही, कितीही नवा असो, हात वर करून ‘थांबा’ म्हणाला की लाँच थांबणार. का थांबवलं हे नंतर विचारायचं, आणि विचारताना आवाज चढवायचा नाही. एकदा अकरावीतली एक मुलगी पंख धरून उभी होती. तिचा तो तिसरा रविवार. केबल लागलेली, सिग्नल द्यायची वेळ झालेली, आणि ती म्हणाली, ‘थांबा, पंखावरचं ते वर आलंय.’ ‘ते’ म्हणजे एअरब्रेक, पंखातून वर येऊन ग्लायडरला खाली आणणाऱ्या फळ्या. लॉक झाले नव्हते, दोन बोटं वर उचलले गेले होते. तसंच लाँच झालं असतं तर ग्लायडर जेमतेम वर गेलं असतं आणि केबल सुटल्यावर दगडासारखं खाली यायला लागलं असतं. कॉकपिटमध्ये वीस वर्षं उडालेले गृहस्थ होते. त्यांनी केबल सोडली, उतरले, तिच्याजवळ जाऊन म्हणाले, ‘बाई, तुझे उपकार आहेत.’ पुढे दोन वर्षं तिनं तिला नेमून दिलेल्या कामाचा एकही दिवस चुकवला नाही. तिला कोणी दंड लावला नव्हता.

ग्लायडिंग हा एकट्याचा खेळ कधी नव्हताच. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या वासरकुप्पेच्या डोंगरावर पोरं रबराचा जाड दोर दोन्ही बाजूंनी ताणत उतारावरून पळायची आणि त्या ताणावर एक जण हवेत जायचा. तुमच्या विंचवरही हिशेब तोच आहे. एक जण विंचवर, एक पंखाला, एक सिग्नल आणि लॉगला, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीला, एक केबल ओढून आणणाऱ्या गाडीवर, एक प्रशिक्षक, आणि आणखी एक मोकळा, कोणाला पाणी हवं, कोणाला लघवीला जायचंय, कुठं शेरडं पट्टीवर आली ते बघायला. सहा. वर जाणारा विद्यार्थी यात धरलेला नाही. सहापेक्षा कमी माणसांत विंच चालते, मी चालवलेली आहे, पण ते दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो.

तेव्हा कमिटीला सांगा की यंदा उड्डाणाचे दिवस हवेवरून ठरणार नाहीत, सहा माणसांवरून ठरतील. आता त्याचं गणित बघा. प्रशिक्षक एक आड एक आठवड्याला येतात, म्हणजे महिन्याला दोन शनिवार-रविवार. प्रत्येक दिवशी फक्त सकाळची पाळी धरा, तर महिन्याला चार पाळ्या. चार पाळ्यांना सहा माणसं म्हणजे २४ जागा. एका माणसानं महिन्यात दोन सकाळी दिल्या तर बारा माणसं लागतात. प्रशिक्षकाची जागा पुण्याच्या सरांकडेच राहील, तेव्हा दहा-अकरा जणांतही भागेल, पण बाराच धरा, कोणाच्या घरी लग्न निघेल, कोणाचं मूल आजारी पडेल. तुमच्याकडे आठ आहेत. म्हणजे तुम्हाला चार माणसं मिळवायची आहेत. ३४ सभासद डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही २६ जणांवर रागावून बसला आहात, आणि काम चारांचं आहे.

ती चार माणसं ग्रुपवर ‘रविवारी कोण कोण येणार?’ असं टाकून मिळत नाहीत. असा मेसेज वाचला की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी जाईल. नाव घेऊन फोन करावा लागतो. ‘महिन्यातल्या दोन सकाळी, साडेसहा ते साडेदहा, साडेदहाला तुम्ही मोकळे’ असं विचारा. शेवटचे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. माणसं कामाला घाबरत नाहीत हो. सकाळी सहाला घर सोडलं की संध्याकाळी केव्हा परतणार याचा पत्ता नाही, या गोष्टीला घाबरतात, आणि त्यांच्या घरची तर त्याहून जास्त. महिन्याची पाळी-यादी आधीच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला लावा आणि गुरुवारी संध्याकाळी फक्त त्या सहा जणांना आठवण द्या. सकाळी पावणेसातला सहा जण नसतील तर विंच सुरू करायची नाही. हँगर झाडा, ग्लायडर पुसा, चहा प्या आणि घरी जा. असे दोन दिवस गेले की पाळी चुकवण्याचा अर्थ सगळ्यांना आपोआप कळतो.

एका सकाळी उड्डाणं किती होतील तेही आधी सांगून ठेवा. एका ड्रमची विंच, केबल गाडीनं ओढून परत आणायची, म्हणजे तासाला चार-पाच लाँच धरा. सकाळभरात पंधरा. हे पंधरा दहा पोरांत वाटलेत तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड उड्डाण, तेही पाच-सहा मिनिटांचं, आणि साडेतीन तास धूळ खात उभं राहणं. त्यापेक्षा एका सकाळी चारच विद्यार्थी घ्या, प्रत्येकाला लागोपाठ तीन. पहिल्या लँडिंगची चूक तिसऱ्यात सुधारते हे त्याला स्वतःला दिसतं, आणि ज्याला सुधारणा दिसते तो परत येतो. उरलेली तीन उड्डाणं जमिनीवरच्या माणसांची. ही तीन कधीही कापायची नाहीत, प्रशिक्षक घाईत असले तरी नाहीत.

दंडाचा विचार सोडून द्या. दंड भरून माणूस मोकळा होतो, त्याला वाटतं आता फिटलं. त्याऐवजी उड्डाणाच्या यादीत नाव लागायची वेळ म्हणजे हँगरचं दार उघडायची वेळ, आणि ग्लायडर आत जाऊन दार बंद होईपर्यंत जो थांबला त्याचं नाव पुढच्या वेळी वर. एवढं पुरतं.

आता हंगामाचं. मी मूळची अंबाजोगाईची, ग्लायडिंग शिकले पुण्याजवळ हडपसरच्या सेंटरवर. तिकडचा हंगाम आणि आपल्याकडचा हंगाम यांत आकाशाचा फरक थोडा आहे, माणसांचा फार आहे. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस सरतो, कापसाच्या गोळ्यांसारखे ढग येतात, थर्मल, म्हणजे ग्लायडरला वर उचलणारे गरम हवेचे झोत, छान मिळतात, आणि नेमकं तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळची हवा जड आणि शांत. थर्मल उशिरा सुरू होतात आणि त्यांत दम नसतो, पण नवशिक्याचं सर्किट, म्हणजे उतरण्याआधीचा ठरलेला फेरा, आणि लँडिंग पक्कं करायला याच्यासारखा काळ नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा जोर धरते, तेव्हा पोरांच्या परीक्षा. एप्रिल-मेमध्ये वर सगळ्यात चांगली हवा आणि खाली लग्नसराई, ४१-४२ अंशांचा पारा, गावात पाण्याचे टँकर. जूनमध्ये पेरणी, आणि काळ्या रानात चाक घोट्याएवढं रुततं, तिथे हंगाम संपला. म्हणजे आपल्याकडे हवा आणि माणसं एकाच वेळी मोकळी सापडतात ती फार थोडे दिवस, आणि हे ज्यानं मान्य केलं नाही तो सचिव दर वर्षी मे महिन्यात राजीनामा लिहितो.

म्हणून एप्रिल-मेचा दिवस दोन तुकड्यांत तोडा. सकाळी साडेसहा ते साडेदहा शिकणाऱ्यांचं, आणि मग सक्तीची सुट्टी. ज्यांना दुपारच्या थर्मलवर तासन्‌तास राहायचंय त्या दोघा-तिघा अनुभवी सभासदांनी आपल्यापुरती सहा जणांची तुकडी स्वतः जमवावी, महिन्यातून एकदाच, बारा ते तीन. सकाळच्या तुकडीला दुपारी थांबवायचं नाही. याबाबत मी फार कडक आहे, त्याचं कारण सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना, यादी लावायचं काम माझ्याकडे. सकाळी सातपासून एकच गृहस्थ विंचवर होते. दुसरे येणार होते, आले नाहीत. मी दर अर्ध्या तासाला मनात म्हणत होते, आता त्यांना उठवू, एवढं एक लाँच होऊ दे. असं करत दुपारचे अडीच वाजले. बाविसावं लाँच. केबल हळूहळू ताठ करायचा सिग्नल दिला होता, पूर्ण ताकदीचा अजून दिला नव्हता. त्यांनी तो पूर्ण ताकदीचा धरला. सैल केबल एका झटक्यात ताणली गेली, ग्लायडर उडी मारल्यासारखं पुढे गेलं, पंख धरणाऱ्याच्या हातातून पंख निसटला आणि त्याचं टोक मुरमात घासत गेलं. पायलटचा डावा हात पहिल्यापासून केबल सोडायच्या पिवळ्या मुठीवर होता, त्यानं लगेच ओढली. ग्लायडर अर्धं फिरून धुरळ्यात थांबलं. कोणाला खरचटलंही नाही. मी विंचपर्यंत पळत गेले तेव्हा ते गृहस्थ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. शेजारी सकाळचा चहाचा रिकामा कप, डबा तसाच बांधलेला. ‘ताई, मला दोन लाल दिसल्या,’ म्हणाले. काय दोन दिसल्या ते त्यांनाही सांगता येईना. चूक त्यांची लिहिली गेली, पण ती माझी होती. मी हवा बघत होते, माणूस बघितला नाही.

त्यानंतर आमच्याकडे एक माणूस एका वेळी दहाच लाँच, मग उठायचंच, हवा कितीही सुंदर असो. तुम्हीही हेच करा. त्यासाठी विंच चालवणारे किमान तिघे लागतील. मामा परत आले तर बाकीचे दोघे त्यांनीच तयार करायचे, वहीत त्यांची सही झाल्याशिवाय कोणी एकट्यानं त्या सीटवर बसायचं नाही. रोज सकाळी पहिल्या लाँचआधी केबल कापायचं गिलोटिन चालतं का, हे बघितल्याचीही त्याच वहीत सही.

उन्हाचं आणखी थोडं, कारण त्यात यंत्रही दमतं. तुमची पट्टी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास असेल. ४१ अंशांच्या दुपारी तिथली हवा इतकी पातळ होते की ग्लायडर आणि इंजिन दोघांनाही आपण १,७०० मीटरवर आहोत असं वाटतं. विंचचं इंजिन कमी ओढतं, लाँचची उंची घटते, आणि एअरस्पीडचा काटा नेहमीचा आकडा दाखवत असला तरी जमिनीवर ग्लायडर जास्त वेगानं येतं, लांब पळतं. सकाळी ज्या जागी थांबायची सवय झाली ती जागा दुपारी पुढे निघून जाते. पोरांना हे ब्रीफिंगमध्ये सांगा आणि फळ्यावर आकडे मांडून दाखवा. वावटळ पट्टीवरून जाताना दिसली की ती जाईपर्यंत लाँच नाही. वर घारी गोल फिरताना दिसल्या की सगळ्यांना घाई सुटते, तेव्हाच ही शिस्त टिकवायची असते. आणि कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उघडी ठेवून कोणी चहाला गेलं तर रागवा. तिचा वक्र भाग भिंगाचं काम करतो, मी सीटच्या पट्ट्याला जळून पडलेलं भोक पाहिलंय. धोतराचं जुनं पांढरं कापड शिवून घ्या, झाकायला तेच पुरतं.

एप्रिलपासून वळवाचा भरवसा नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही, आणि तेव्हा तर उन्हाळाही पुरता लागला नव्हता. ग्लायडर रात्रभर बाहेर बांधून ठेवायचा मोह होतो, ढकलायला माणसं नसतात म्हणून. ठेवू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं बनवलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप लॉगवाल्याच्या फोनवर असू द्या. आसपास वीज पडल्याचं दिसलं की सगळं बंद. हजार मीटर लांबीची तार जमिनीवर पसरून तिच्या टोकाला माणूस बसवलाय, हे विसरू नका.

आता अशी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही. मुली किती आहेत तुमच्याकडे? आणि पट्टीवर संडास आहे का? मी शिकत होते तेव्हा नव्हता. आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही, मेच्या उन्हात, आणि मग चक्कर येते म्हणून आम्ही ‘नाजूक’ ठरायचो. पाणी न प्यालेल्या माणसाच्या हातात ग्लायडर देऊ नये, एवढं साधं आहे. कमिटीकडे पगारी माणसासाठी पैसे असतील तर त्यातले पहिले पैसे पत्र्याच्या दोन खोल्यांच्या संडासावर आणि पाण्याच्या टाकीवर घाला. दुसरे सावलीवर. हिरवी शेडनेट चार खांबांवर ताणली तरी चालेल. तिच्याखाली दोन माठ, लिंबू-साखर-मीठ, आणि साडेदहाला सगळ्यांनी मिळून खायची भाकरी-पिठलं. जेवणाचा खर्च क्लबचा. ज्या दिवशी सगळे एकत्र जेवतात त्या दिवशी ग्लायडर हँगरात ढकलायला माणसं शोधावी लागत नाहीत.

पगारी विंचचालक मात्र ठेवू नका, निदान यंदा नको. पैसे घेणाऱ्या माणसाला ‘थांबा’ म्हणणं अवघड जातं, खास करून पैसे देणारेच लाँचच्या रांगेत उभे असतील तर. डिझेल, केबल, वीक लिंक, इंजिनाचं काम, यांत कंजुषी नको. निळ्या पट्ट्या संपल्याच कशा, हा प्रश्न खजिनदाराला विचारायला हवा होता. तो मामांच्या वाट्याला आला. परवाने, वैद्यकीय प्रमाणपत्रं, रेटिंग यांच्या मुदतींची एक यादी हँगरच्या भिंतीवर लावा, म्हणजे तेही तुमच्या एकट्याच्या डोक्यात राहणार नाही.

गावाबद्दल. क्लब शहरातल्या लोकांचा आणि पट्टी गावाची, असं चित्र असेल तर स्वयंसेवक कधीच पुरणार नाहीत. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला उड्डाण ठेवू नका. त्या दिवशी सगळं गाव रानात असतं. तुम्हीही जा, कडब्याच्या कोपीशेजारी बसून आंबील प्या, भज्जी खा. ज्याच्या रानात तुम्ही जेवलात त्याच्या रानात उद्या ग्लायडर उतरलं तर तो आधी पायलटला पाणी देईल. दूरच्या उड्डाणाचा विचार त्यानंतरच करा. रानात उतरलेलं ग्लायडर आणायला ट्रेलर घेऊन जाणारी दोन माणसं आणि गाडी तयार नसेल तर पट्टीच्या टप्प्याबाहेर कोणी जायचं नाही. आपल्याकडे उतरायला रान मिळणं मार्चमध्ये सोपं असतं, ज्वारी-हरभरा निघालेला असतो. एप्रिलनंतर नांगरटी होतात, गुडघ्याएवढी ढेकळं पडतात. नांगरलेलं नसेल तिथं काळ्या मातीला भेगा, ज्यांत चाक अडकेल. कठडा नसलेल्या विहिरी आणि तुरीची खुंटं वरून दिसत नाहीत. तुमच्या गावच्या सभासदांना हे सगळं पाठ असतं. त्यांना एकदा फळ्यापुढे उभं करा आणि पायलटांना खाली बसवून ऐकायला लावा.

दहावी-बारावीच्या पोरांना फेब्रुवारी-मार्चमध्ये अजिबात बोलवू नका, परीक्षा संपली की ती आपण होऊन येतील. ग्लायडर पायलटच्या परवान्याला वयाची अट १६ वर्षांची आहे, तेव्हा अकरावी-बारावी आणि पॉलिटेक्निकची पोरं हीच तुमची उद्याची माणसं.

आणि तुम्ही. यादी, पैसे, परवानग्या, यंत्रं, हँगरची किल्ली, सगळं तुमच्याकडे आहे ना? मला पत्रावरून तसंच वाटलं. यादी एकाला द्या, यंत्रांची वही दुसऱ्याला. किल्लीच्या दोन प्रती काढा. वर सांगितलेल्या चार पाळ्यांपैकी दोनच तुमच्या, बाकी दोन दिवशी तुम्ही पट्टीवर जायचंच नाही, फोनही करायचा नाही. पहिल्यांदा गेला नाहीत तर कोणीतरी काहीतरी चुकीचं करेल, केबल नीट गुंडाळणार नाही, लॉगमध्ये वेळ लिहायची राहील. राहू द्या. उरलेले शनिवार-रविवार वहिनींचे. त्यांना हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल.

बंद ठेवायचं का, या प्रश्नाचं उत्तर आता तुमच्याच हातात आहे. बारा माणसं झाली तर चालू करा. दहाच झाली तर महिन्याला तीन सकाळी. सहाच झाली तर एकच सकाळ, पण ती पूर्ण, व्यवस्थित, साडेदहाला संपणारी.

मामांकडे या आठवड्यात जा. गॅरेजवर जाऊ नका, तिथं गिऱ्हाईक असतं, ते तुमच्याशी चार शब्द बोलणार नाहीत. संध्याकाळी घरी जा, ज्येष्ठ सभासदांना बरोबर घेऊन, आणि इतिवृत्ताचा कागद घेऊन. चहा झाला की त्यांना एक गोष्ट विचारा, जी सहा वर्षांत कोणी विचारली नसावी असं मला वाटतं: मामा, तुम्ही टू-सीटरमध्ये किती वेळा बसलात? हजारो लाँच दिले असतील त्यांनी. केबल हातानं गुंडाळली, वर जाणारं ग्लायडर मान वर करून बघितलं, आणि खाली थांबले. पहिल्या सकाळचं पहिलं उड्डाण त्यांचं ठेवा, पुण्याचे सर बरोबर, नियमात बसेल तसं सगळं कागदावर करून. त्या लाँचला विंचवर कोण बसणार हेही त्यांनाच ठरवू द्या. ते ‘बघू’ म्हणाले तर आग्रह करू नका, पुन्हा जा.

आणि निघताना विचारून घ्या, यंदा त्यांच्या रानातलं सोयाबीन साधारण केव्हा निघेल. ऑक्टोबरातली पहिली तारीख त्यावरून ठरवा.